क्षार आणि कपलिंग, मुक्काम चाकूर

बसा निवांत. हसू आलं तर मधेच हसून घ्या, माझ्यासाठी थांबू नका. मी स्वतः या गोष्टीवर हसायला लागले त्याला काही फार दिवस झालेले नाहीत, आणि अजूनही शेवटाशी आले की माझं हसू जरा अडखळतंच.

फजिती झाली की माणूस म्हणतो, याच्यामुळं झाली, त्याच्यामुळं झाली. माझी कुणामुळं झाली म्हणू? एका फोनमुळं म्हणा हवं तर. पण खरं विचाराल तर कुणीतरी आपल्याला काहीतरी विचारावं, या हौसेपायी झाली.

मी मंगल बिरादार. मूळची देगलूरची, नोकरी नांदेडात. एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते आणि एका शिलाईच्या दुकानावरच्या खोलीत राहते. एकटीच. लग्नाचं राहून गेलं. का राहिलं, ते विचारू नका. आधी शिक्षण, मग भावाचं बघू, मग नोकरी पक्की होऊ दे, असं करत करत राहून गेलं. दुकान रजियाआपांचं. दिवसभर खाली मशीन चालत असतं, तेव्हा घरात कुणीतरी आहे असं वाटतं. संध्याकाळी मशीन थांबलं की मी टीव्ही लावते. बघत नाही, नुसता लावते.

आई भावाकडं देगलूरला असते. तिचा रोज फोन येतो. "ऊट आयता?" विचारते कानडीत, म्हणजे जेवलीस का. झालं म्हटलं की ठेवून देते. तिला ऐकू कमी येतं, त्यामुळं पुढचं बोलणं तिला नको असतं.

तर या सगळ्यात मी पीएचडी केली. उशिरा केली, पण केली. विषय सांगते, घाबरू नका. दोन कार्बन असतात, वेगवेगळ्या रेणूंमधले. त्यांना एकमेकांशी जोडायचं. ते आपणहून जुळत नाहीत. मधे पॅलेडियम नावाचा धातू चिमूटभर टाकावा लागतो. तो दोघांना जवळ आणतो आणि काम झालं की बाजूला होतो. या जोडणीला म्हणायचं कपलिंग. आता त्या दोघांतला एक कार्बन मी आणत होते डायझोनियम क्षारातून. हा क्षार भारी नाजूक. बर्फात करायचा, बर्फातच ठेवायचा. गरम झाला तर मरतो, कोरडा पडला तर भडकू शकतो. पण पॅलेडियमच्या संगतीला गेला की अंगातला सगळा नायट्रोजन सोडून देतो आणि निमूटपणे जोड देतो, साध्या तापमानाला. औषधांपासून रंगांपर्यंत कितीतरी गोष्टी असल्या जोडांवर उभ्या आहेत. संपला विषय.

इतकी वर्षं हे केलं, पण "मग पुढं काय झालं?" असं एकाही माणसानं विचारलं नाही. तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक पडद्यावर होते. मी बोलत असताना त्यांचं चित्र गोठलं. मी तशीच त्या गोठलेल्या चेहऱ्याशी बोलत राहिले. चित्र हललं तेव्हा ते म्हणाले, अभिनंदन. पेढे आणले होते, पण त्या दिवशी डिपार्टमेंटातली सगळी मंडळी परीक्षेच्या ड्यूटीवर. चार पेढे वॉचमनला दिले, दोन रजियाआपांना, उरलेले मीच खाल्ले. पेढे एकट्यानं खायची चीज नाही, सांगून ठेवते.

मग एका स्थानिक पेपरवाल्याचा फोन आला. बातमी लावतो म्हणाला, विषय काय? मी इंग्रजीत सांगितला. म्हणाला, मराठीत सांगा. मी मराठीत सांगितला. म्हणाला, मॅडम, एवढ्या लांबीची जागा नाही आणि ते मधलं धातूचं नाव कुणाला कळायचं नाही, थोडक्यात सांगा. तेव्हा मी माझ्या तोंडानं, हो, माझ्याच तोंडानं सांगितलं की "क्षार आणि कपलिंग" एवढं लिहा. त्यानं तेवढंच लिहिलं. "क्षार व कपलिंगवरील संशोधनास पीएचडी", खाली माझा फोटो.

तुमच्यातल्या ज्यांचं शेत आहे ते आत्ताच गालात हसायला लागलेत. हसा.

पुढच्या रविवारी सकाळी एक अनोळखी नंबर. उचलला. पलीकडं भारदस्त, संथ आवाज.

"बिरादार मॅडम का? मी व्यंकटराव बोलायलोय, चाकूरकडून. पेपरात वाचलं तुमचं. क्षार अन् कपलिंग. आमचा तर सगळा जलम त्याच्यातच चाललाय मॅडम."

मी गॅस बंद केला. पोहे अर्धे झाले होते, पण हातातलं सगळं सोडून ऐकायची ही गोष्ट होती. मी विचारलं, तुम्हीपण याच विषयात आहात? ते म्हणाले, "हाव. आमचा गट हाय ना."

गट. आता रिसर्च ग्रुपला मराठीत दुसरं काय म्हणणार, तुम्हीच सांगा. लातूरच्या बाजूला एखादा औषधांचा कारखाना असेल, त्यानं चाकूरच्या माळावर स्वस्तात जागा घेऊन लॅब टाकली असेल, हे व्यंकटराव तिथले कुणी वरिष्ठ असतील. माणसानं मनात आणलं तर अख्खी लॅब उभी करायला किती वेळ लागतो? माझी तर उभ्या उभ्या, पोह्यांच्या कढईसमोर तयार झाली, दारावरच्या पाटीसकट.

पुढचं बोलणं झालं तसं सांगते, म्हणजे दोष कुणाचा ते तुम्हीच ठरवा.

त्यांनी विचारलं, ॲसिड तुमच्याकडंपण लागतंय का. मी म्हटलं, ॲसिडशिवाय आमचं पान हलत नाही. त्यांनी विचारलं, क्षार वाळून बसले तर काय करता. माझ्या अंगावर काटा आला. म्हटलं, वाळू द्यायचेच नाहीत, वाळले की धोका. "मी हेच बोंबलायलोय इथं," ते म्हणाले, "पण कुणी आयकंल तर शपथ." मग त्यांनी नायट्रोजनचं काढलं. मी म्हटलं, तो सगळाच्या सगळा निघून जातो. तिकडून मोठा सुस्कारा आला. "तेच तर दुखणं हाय मॅडम." मला वाटलं, मोठ्या प्रमाणावर काम करताना गॅसचा त्रास होत असेल बिचाऱ्यांना. खरी अडचण आहे ती, पुस्तकात पण लिहिलेली आहे.

शेवटी त्यांनी विचारलं, "तुमचं कपलिंग प्रेशरला टिकतंय का?"

मी म्हटलं, "प्रेशर लागतच नाही. आणि एकदा जोड बसला की सुटायचं नाव नाही."

 मग हळू आवाजात, देवळात बोलावं तसं, ते म्हणाले, "बिनप्रेशरचं. अन् सुटत न्हाई. मॅडम, तुम्ही आमच्या गावाला यायलाच पायजे."

त्यानंतर त्यांचे फोन येत राहिले. कधी म्हणायचे, गटातल्या लोकांना सांगितलं, लोक लई खूश हायेत. कधी नुसतंच विचारायचे, आज काय केलं लॅबमध्ये. खरं सांगते, हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी सांगायचे, आज अमुक झालं, तमुक फसलं. ते "अच्छा, अच्छा" म्हणायचे. संध्याकाळी खालचं मशीन थांबायच्या सुमाराला मी फोन चार्जिंगवरून काढून जवळ घेऊन बसायला लागले. टीव्ही लावायचा राहून जायला लागला, तेसुद्धा माझ्या लक्षात आलं नाही.

व्याख्यानाचा रविवार ठरला. ते म्हणाले, प्रात्यक्षिक पण दाखवा. आता पॅलेडियमच्या कपलिंगमध्ये बघण्यासारखं काही नसतं. बाटली ढवळत राहते आणि आपण बसून राहतो. पण क्षार ताजा आहे की मेला, हे तपासायला आम्ही एक साधी गोष्ट करतो. दुसऱ्या एका रसायनाच्या पाण्यात त्याचा थेंब सोडायचा. क्षार जिवंत असला तर पाणी झटकन लालभडक होतं. मी ठरवलं, हेच दाखवू. व्यंकटरावांना म्हटलं, बर्फ लागेल, त्याच्याशिवाय काही जमणार नाही. ते म्हणाले, बर्फाची काळजी करू नका. नंतर कळलं, मॅडमला ऊन सोसत नसणार, असा त्यांनी अर्थ लावला होता.

रजियाआपांना सांगितलं, मला बाहेरगावी व्याख्यानाला बोलावलंय. त्यांनी मशीन थांबवलं. "अरे वा बाजी, अच्छी बात है. वो निळी साडी नेसो," म्हणाल्या, आणि ब्लाउजची उसवलेली बाही लगेच शिवून दिली.

सकाळच्या एसटीनं निघाले. मांडीवर पिशवी, पिशवीत लहान लहान बाटल्या, कापडात गुंडाळून. लोहा गेलं, अहमदपूर गेलं, मी मनात व्याख्यान म्हणत होते. चाकूरच्या स्टँडवर व्यंकटराव उभे होते. पंचावन्नच्या आसपासचे, उंच, पांढरा शर्ट कडक इस्त्रीचा, पायात धुळीच्या चपला. त्यांनी पिशवी घेतली आणि पिकअपचं दार उघडून दिलं. मागं काळ्या पाइपची भेंडोळी होती. मला वाटलं, लॅबला पाणी नेत असतील. रस्त्यात विचारलं, तुमची लॅब कुठं आहे? म्हणाले, "लॅब लातूरला. नमुने तिकडंच देतोत." बरोबर आहे, म्हटलं, तपासण्या बाहेरून करून घेत असतील. महागडी यंत्रं सगळ्यांना कुठं परवडतात.

गावात पोहोचलो तर समाजमंदिरावर फलक. "क्षार व कपलिंग: मार्गदर्शन. डॉ. मंगल बिरादार, नांदेड." माझ्या नावाआधी डॉक्टर लिहिलेलं मी पहिल्यांदा बघत होते. डोळे भरून आले. अशा डोळ्यांना समोरचं नीट दिसत नाही, हे पण पदवीधर माणसाला कळायला हवं होतं. कारण समोर सतरंजीवर टोप्या होत्या, फेटे होते, पदर होते. मला वाटलं, गावाचं कौतुक आहे, सगळे आलेत. केमिस्ट मंडळी मागं बसली असतील.

मी बोलले. मन लावून बोलले. क्षार म्हटलं की माना हलायच्या, कपलिंग म्हटलं की माना हलायच्या. मधलं पॅलेडियम मात्र अगदी शांततेत गेलं. मग मी प्रात्यक्षिकाला बसले. घमेल्यात बर्फ होता, त्यात बाटली ठेवून सगळ्यांसमोर क्षार तयार केला. एका काचेच्या ग्लासात दुसरं रसायन घातलं आणि पाणी मागितलं. व्यंकटरावांनी त्यांच्या बोअरचं पाणी तांब्यातून ओतलं. मी म्हटलं, "आता बघा, पाण्यात क्षार असेल तर काय होतं." आणि थेंब सोडला.

पाणी लाल झालं. कुंकू कालवल्यासारखं.

 कॉलेजात मी हेच दाखवते तेव्हा पोरं मोबाइल बघत असतात. इथं माणसं उठून उभी राहिली. एकानं विचारलं, परत होईल का? मी म्हटलं, होईल की. तर तो उठून पळाला आणि घरून बाटली घेऊन आला. "ह्याच्यात करा," म्हणाला. केलं. लाल. मग तर काय विचारता, कुणी तांब्या आणला, कुणी कळशी, एका बाईनं पातेलं. रांग लागली. मी एकेकाच्या पाण्यात ते दुसरं रसायन घालून थेंब सोडत होते, ते लाल होत होतं, आणि लोक पाण्याकडं बघून कपाळावर हात मारत होते. मला वाटलं, आश्चर्यानं. एक आजी तर डोळ्याला पदर लावून गेल्या. मला वाटलं, विज्ञान एवढं भिडलं.

खोटं कशाला बोलू, माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात सुखाचा तास होता.

आता बर्फ किती वेळ टिकणार? चाकूरचं ऊन, वरून पत्रे. घमेल्यात पाणी पाणी झालं होतं आणि माझं तिकडं लक्ष नव्हतं. रांगेत दोन भाऊ होते, नागनाथ आणि गंगाधर. नागनाथची बाटली आधीच लाल होऊन बाजूला पडली होती. गंगाधर सगळ्यात शेवटी आला. त्याच्या पाण्यात थेंब सोडला. काही नाही. आणखी एक सोडला. तरी नाही, नुसता फिकट पिवळटपणा. क्षार मेला होता, साधी गोष्ट. पण गंगाधरनं बाटली वर धरली आणि सगळ्यांना दाखवत म्हणाला, "बघा, माझं पाणी गोड हाय."

नागनाथ पुढं आला. दोघांची विहीर एकच, हे मला माहीत नव्हतं. बाकी सगळ्यांना होतं. "हिरीतबी वाटणी केली का रे तू?" त्यानं विचारलं. "चांगलं तुझ्याकडं, अन् क्षाराचं माझ्याकडं?" गंगाधर म्हणाला, "ज्याच्या त्याच्या कर्माचं असतंय." मग जमीन निघाली, बांध निघाला, आईनं कुणाकडं राहायचं ते निघालं. दोन माणसं मधे पडली, एक कळशी लवंडली आणि सतरंजीवर लाल ओहोळ पसरला. मी उभी राहून म्हणत होते, अहो, पाण्याचा काय संबंध? पाण्याचा काहीच संबंध नाही.

हे शेवटचं वाक्य सगळ्यांना ऐकू गेलं. भांडण थांबलं.

व्यंकटराव माझ्याजवळ आले. त्यांनी शर्टाच्या खिशातून एक काळा प्लास्टिकचा तुकडा काढून माझ्या तळहातावर ठेवला. बोटाएवढा, दोन्ही बाजूंनी पोकळ.

"मॅडम," ते हळू म्हणाले, "तुम्ही ह्याच्याबद्दलच बोलायलात ना?"

"हे काय आहे?" मी विचारलं.

"कपलिंग," ते म्हणाले.

तर असं होतं ते. ठिबक सिंचनाच्या दोन नळ्या जोडतात ते कपलिंग. बोअरच्या पाण्यातले क्षार नळीच्या छिद्रांत वाळून बसतात आणि ठिबक बंद पडतं, ते क्षार. ते काढायला नळीतून सोडतात ते ॲसिड. युरियातला हवेत उडून जातो तो नायट्रोजन. आणि गट म्हणजे शेतकऱ्यांचा गट. त्यांची कपलिंगं पाण्याच्या दाबानं सुटत होती, आणि बिनप्रेशरचं, कधीच न सुटणारं कपलिंग शोधलेली बाई नांदेडात राहते, असं त्यांना कळलं होतं. पेपरात छापून आलं होतं, फोटोसकट.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी हात जोडून सगळं सांगितलं. माझा क्षार वेगळा, माझं कपलिंग वेगळं, आणि ठिबकचं मला ओ की ठो कळत नाही. मागून कुणीतरी विचारलं, "मग आमचं पाणी बरं हाय का?" मी म्हटलं, मला माहीत नाही. "मग लाल कशानं झालं?" मी म्हटलं, मी केलं. हे पाणी पिऊ नका, गुरांना दाखवू नका, भांडी नीट घासून घ्या. आधी नागनाथ हसला. मोठ्यानं हसला. मग सगळेच. हसला नाही तो फक्त गंगाधर. तो बाटली छातीशी धरून परत परत विचारत होता, "म्हंजे माझं पाणी गोड न्हाई?"

शाल आणि नारळ त्यांनी आधीच आणून ठेवला होता. आणलाय तर द्या, असं ठरलं. मी लाल बोटांनी तो घेतला.

व्यंकटरावांकडं जेवायला गेले. मोठं घर, स्वच्छ, आणि कुणी नाही. बायको जाऊन काही वर्षं झाली होती, मुलगा नोकरीला पुण्यात. भाकरी शेजारून आली, वरण आणि शेंगदाण्याची चटणी त्यांनी स्वतः केली होती. मी दोनदा माफी मागितली. ते म्हणाले, "चूक झाली म्हणा. पण फोन मात्र चांगले झाले."  मी चटणी चांगली झालीय म्हटलं. खरंच चांगली होती.

मग ते मला स्टँडवर सोडायला निघाले. रस्ता खराब, गाडी सावकाश. ते बोलायला लागले. आधी ठिबकचंच काहीतरी होतं, फिल्टरचं. मी मान हलवत होते. आणि माझ्या डोक्यात? माझ्या डोक्यात मी अजून समाजमंदिरातच होते. पाण्यात क्षार असेल तर, असं म्हणायलाच नको होतं. पॅलेडियम आधी सांगायला हवं होतं. पहिल्या फोनला एवढं जरी विचारलं असतं की तुम्ही कोणता क्षार वापरता. असं सगळं व्याख्यान मी पुन्हा पहिल्यापासून देत होते, आणि या वेळी फार चांगलं देत होते. मधे त्यांचा आवाज बारीक झाल्यासारखं वाटलं. एकदा गाडी बाजूला घेऊन त्यांनी उगाच काच पुसली. मी म्हटलं, "अच्छा, अच्छा."

स्टँड आला. गाडी थांबली. ते समोर बघत म्हणाले, "मग काय म्हनता मॅडम? सांगावं का पोराला?"

एवढं एकच वाक्य मी ऐकलं. त्याच्या आधीचं काही म्हणजे काही नाही. आता "कशाबद्दल?" असं विचारायला तोंड राहिलं होतं का मला? पाऊण तास मान हलवली होती मी. फिल्टर बदलायचा असेल, पाइप घ्यायचे असतील, मुलाला सांगितलेलं बरंच. मी पूर्ण आत्मविश्वासानं म्हटलं, "सांगून टाका."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. डोळे ओले होते त्यांचे, ते तेव्हा दिसलं. म्हणाले, "एवढं मन लावून माझं आजपतुर कुणी आयकलं न्हाई." आणि माझी पिशवी एसटीत नेऊन ठेवली, खिडकीशी जागा बघून.

पुढचे काही दिवस त्यांचा फोन नाही. मी संध्याकाळी फोन जवळ घेऊन बसायचे, आणि मग टीव्ही लावायचे. म्हटलं, संपलं. केलेल्या मूर्खपणाला साजेसंच झालं.

परवा मेसेज आला. "मॅडम, तुम्ही म्हनल्याप्रमाणं पोराला सांगून टाकलं. आधी सगळं आयकून घेतलं त्यानं. मग म्हनला, बाबा, एकट्यानं ऱ्हाण्यापेक्षा चांगलंच हाय. लई खूश हाय. रविवारी दोघंबी येतोत नांदेडला, तुमच्या खोलीवर. तुमच्या आईचा नंबर पण द्या, देगलूरला बोलून घेतो."

मी तो किती वेळा वाचला असेल? रजियाआपांना वाचून दाखवला. त्यांनी मशीन थांबवलं, चष्मा काढला आणि माझ्याकडं अशा काही बघायला लागल्या की मी जिना चढून वर आले.

फिल्टरसाठी कुणी आईचा नंबर मागत नाही, एवढं मलापण कळतं. पण तो माणूस नेमकं काय बोलला, किती बोलला, मी कुठं कुठं मान हलवली, यातलं मला काही म्हणजे काही माहीत नाही. ते आता जगात एकाच माणसाला माहीत आहे, आणि त्याला वाटतंय की ते मलापण माहीत आहे.

उत्तर काय दिलं म्हणता? आईचा नंबर दिला. खाली लिहिलं, या. मी कशाला हो म्हटलंय, ते मला एकदा नीट ऐकायचं आहे.